इर्माची तक्रार

आमच्या बुएनोस आइरेसमध्ये ज्याचा त्याचा मानसोपचारतज्ज्ञ असतो. नाटकवाल्यांचा तर असतोच. आमच्या कंपनीचे कपडे सांभाळणारी इर्मा दर आठवड्याला ब्रुझोनेकडे जायची. एकदा तालमीला टोप बसवणाऱ्या रुबेनने तिला मायेनेच विचारलं, "तुझा मुलगा भेटतो का गं कधी?"

नवऱ्याकडे सोडून आलेल्या त्या मुलाबद्दल ती फक्त ब्रुझोनेशी बोलली होती. रुबेनही त्याच्याकडेच जायचा, आणि त्याला धीर देताना ब्रुझोनेने इर्माची कहाणी नावासकट सांगून टाकली होती.

इर्माने मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाकडे तक्रार करायचं ठरवलं. पण आमची सगळ्यांची खोडच अशी, की त्यावर आधी बोलायला ती गेली ब्रुझोनेकडेच.

परत आली ती माझ्या रंगपटात येरझाऱ्या घालू लागली. हातातला मातेचा चहा तसाच गार झाला.

"तो म्हणतो, हा राग माझ्या वडिलांवरचा आहे."

"असेलही," मी म्हटलं. "किती वर्षं ऐकतेय मी तुझ्या बापाबद्दल. पण रुबेनला तुझं गुपित काही बापाने सांगितलं नाही."

ती थबकली. "येशील माझ्याबरोबर?"

मंडळात ती न अडखळता बोलली. बाहेर आल्यावर मात्र पुन्हा येरझाऱ्या घालू लागली. "एवढं सगळं केलं, आणि आता हे सांगायला जाऊ कुणाकडे?"

"मला सांग," मी म्हटलं. "फक्त मी मध्येमध्ये बोलणार."