आज आक्काची भाजी निवडावी लागली

मंडळी, सकाळपासून कशात मन लागत नाही, म्हणून इथं लिहितेय.

आईला आम्ही आक्का म्हणतो. ती जांबोटीला एकटी राहते, मी शहापुरात. घरामागच्या परड्यातल्या मोहरीचा कोवळा पाला ती निवडून, ओल्या फडक्यात बांधून बसच्या कंडक्टरकडे देते. मी स्टँडवर जाऊन घेते. तिची भाजी कधी निवडावी लागत नाही. धुवायची आणि लसणाच्या फोडणीत टाकायची, एवढंच माझं काम.

आज धुताना हाताला काहीतरी खरखरीत लागलं. बघते तर मोहरीत विषारी गाजरगवताची पानं. निवडत गेले तर एखाददुसरं नव्हे, चांगलं मूठभर! मेथीत गवताची एक काडी राहिली तरी माझ्यावर ओरडणारी बाई ही.

सगळी भाजी टाकून दिली आणि फोन लावला.

"मिळाली न्हवं गं? चांगली निवडलीया."

"व्हय आक्का. लई चांगली झाली."

"मी बी तीच केलती. जरा कडू लागली बघ. पर मोहरी म्हटल्यावर कडू असायचीच की."

"पोट बरं हाय न्हवं तुझं? एकदा डोळं दाखवूया का?"

"माझ्या डोळ्यास्नी काय धाड भरलीया?"

उद्या पहिल्या बसनं जाणार आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईन कशीबशी. पण जिची भाजी आजवर कुणी निवडली नाही, तिच्यासमोर बसून तिनं निवडलेली भाजी पुन्हा निवडायला कशी घेऊ?

तुमच्यापैकी कुणावर आलीय का ही वेळ?