पोचल्याची वेळ

आमच्या शेजारच्या मास्तरांइतका कर्तव्यदक्ष स्टेशनमास्तर अख्ख्या हिंदुस्थानात सापडायचा नाही. स्टेशन बंद पडून वर्षं लोटली, तरी जयपूरच्या मुरलीपुऱ्यात, मुलाच्या घरी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून मास्तर ते अजून चालवतात. स्टेशन वऱ्हाडातलं, नॅरो गेजवरचं. पत्र्याची एक खोली, एक कडुलिंब आणि कापसाच्या गाठी न्यायला टाकलेला रूळ. पण मास्तर त्याचा इतिहास सांगू लागले की आमेरच्या किल्ल्यानं मान खाली घालावी. नवरीची पेटी फलाटावर राहिली म्हणून सुटलेली गाडी मागे आणल्याचा प्रसंग मी वीसदा तरी ऐकला आहे. "साहेबानं खुलासा मांगितला. मी लिहून देल्लं, पेटीशिवाय नवरी अपूर्ण अन् नवरीशिवाय गाडी."

इथं त्यांना सगळे 'मास्टरजी' म्हणतात, आणि इकडे मास्टरजी म्हणजे शिंपीसुद्धा. एकदा कोपऱ्यावरच्या भाभीजी ब्लाउजचं कापड घेऊन आल्या. मास्तरांनी त्यांना चहा पाजला आणि पहिली कापसाची गाठ गाडीत चढली तिथपासून सुरुवात केली. तासाभरानं बाई उठल्या त्या कापड तिथंच विसरून. "मास्टरजी, ब्लाउज कब मिलेगा?" असं त्या अजून जिन्यात विचारतात. मास्तर गंभीरपणे सांगतात, "आपकी गाड़ी लेट चल रही है, बहनजी."

एका गोष्टीची थट्टा मात्र त्यांना खपत नसे. त्यांच्या घरच्या वहीत शेवटच्या दिवशीची शेवटची गाडी सुटल्याची वेळ होती, पोचल्याची जागा कोरी. पुढच्या स्टेशनातून फोन आलाच नाही. एकेरी रुळावर 'पोचली' असा निरोप आल्याशिवाय दुसरी गाडी सोडायची नाही, हा नियम. "माही गाडी अजून रस्त्यात हाये. स्टेशन बंद झालं म्हनते कोन?"

या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला मी वऱ्हाडात निघाले, तेव्हा म्हणाले, "पोरी, पुढच्या स्टेशनात जाऊन येजो. पोचली का, तेवढं विचारजो."

गेले. रूळ उखडलेले, खोलीत शेळ्या. पण शेजारच्याच घरात तिथला रुळांचे सांधे बदलणारा जुना सांधेवाला भेटला. "चार दहाले पोचली न बाई! एक मिनिट लेट नाही. फोनच मेला होता, कळवावं कसं?"

परत येताना एकच मनात होतं, जागा भरली की स्टेशन खरोखरच बंद होणार, आणि ते माझ्या हातून. मास्तरांनी माझा निरोप ऐकला, चष्मा पुसला, 'चार दहा' लिहिलं, खाली झोकदार सही केली आणि गॅलरीतून साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं, "राइट टाइम!" मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मग त्यांनी पट्टी घेतली आणि खाली नवी ओळ आखली.

"आता आणखी काय लिहायचं राहिलं?" मी विचारलं.

"लाइन मोकळी झाली न, पोरी. आता पुढची गाडी घेता येते."

ती ओळ अजून कोरीच आहे. पण चार वाजून गेले की हल्ली मीही हातातलं काम ठेवून गॅलरीत येते.