सराट्याचं फूल

कवठे येमाईच्या माळावर मेंढरं चारणारे एक आबा मला डेअरीला जाताना रोज भेटतात. पाय मांडीवर घेऊन ते वहाणेतले काटे चिमट्यानं काढत असतात. कुणी काहीही सांगो, मान वर न करता एकच विचारतात, "कवा बघितलं?"

परवा भर दुपारी एक साहेब गाडीतून आले. माळ कुठल्याशा कंपनीला द्यायचा, म्हणून पंचनामा! चार पावलं टाकून त्यांनी मोठ्यानं म्हणत लिहिलं, "ओसाड. काहीही उगवत नाही." अहो, हिरवा वेल त्यांच्याच बुटाखाली चेंगरत होता! माझं डोकंच फिरलं, पण बोलले ते आबा.

"कवा बघितलं?"

"आत्ताच की."

"दुपारी व्हय! ह्यो सराटा हाय, सायेब. पान हरभऱ्यावानी, फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. सकाळी उमलतं आन् ऊन चढलं की गळतं."

"कुठंय फूल?" साहेब हसले.

आबा उठले, साहेबांच्या पायाशी बसून त्यांचा पाय उचलून बूट उलटा केला, तळव्यातला एकेक काटा चिमट्यानं उपटून पंचनाम्यावर ठेवला. "फुलाचाच काटा झालाय ह्यो."

साहेबांनी कागद झटकला. काटे पडले, 'ओसाड' तसंच राहिलं. मग पंच म्हणून सहीसाठी पेन माझ्यापुढं आलं. आणि मघापासून दातओठ खाणाऱ्या मी मुकाट सही केली.

आबांनी चिमटा कमरेला खोचला. पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि काहीच विचारलं नाही.