उंबराखालची गाडी

बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत गाड्यांच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या मुलाला उंबराखालची जागा आली. उंबराला कोणी कुऱ्हाड लावत नाही. फांदी छाटायचं नाव काढलं तरी चार जण दत्ताची आठवण करून देतात. त्या चौघांच्या गाड्या पलीकडे पत्र्याखाली असतात.

मुलाने पंधरा वर्षं स्कूटर चालवली आणि मग ही गाडी घेतली. गडद निळी. उंबरं पिकली की साळुंक्या, कावळे, कोकिळा सगळे वर जेवायला, आणि खाली ही गाडी. रोज सकाळी हा ओलं फडकं घेऊन खाली. "आई, ऊन लागायच्या आत काढावं लागतं, नाहीतर रंग खातं." टपावर दोन ठिकाणी खाल्लाच होता. मग कामाला उशीर, मग सुनेवर आवाज. पाखरं शिटणार आणि आम्ही बोलणी खाणार.

बाजारातून आणलेलं कव्हर दोन महिन्यांत उन्हाने फाटलं. मी म्हटलं, मी शिवते. पेटीत जुन्या सुती साड्या होत्या. त्यांचे थर लावून, धावदोरा घालून, गाडीच्या मापाची गोधडी केली. शेजारी एक निवृत्त एसटी ड्रायव्हर राहतात, त्यांची स्कूटर आमच्या गाडीला लागून उभी असते. ते म्हणाले, "वहिनी, गाडीला थंडी वाजते का?"

"नाही, लोकांची नजर लागते," मी म्हटलं.

गोधडी वाऱ्याने उडायला लागली. माझं माहेर लोणी काळभोरचं. तिथे कडब्याच्या गंजीवर कापड टाकलं की कडेला दोरीने विटा लोंबकळत बांधायचे. वारा किती का येईना, कापड हलत नसे. मी दोन्ही कडांना दोन-दोन विटा बांधल्या. गोधडी हलली नाही. रंगावर एक ठिपका पडला नाही. महिनाभर घरात शांतता होती आणि मी स्वतःवर खूश होते.

एका रविवारी मुलगा गाडी धुवायला बसला आणि तसाच उठला. दारांखाली ओरखडे होते, निळा जाऊन आतला पांढरा दिसत होता. "त्यांचीच स्कूटर. आज सोडत नाही," म्हणत तो शेजाऱ्यांच्या दारात गेला.

मी गोधडी धुवायला उचलली. एका विटेच्या कोपऱ्याला निळा रंग लागला होता. दुसरी बघितली, तिलाही होता.

वीट दोरीतून सोडवून जिना चढेपर्यंत वर आवाज चढले होते. शेजारी म्हणत होते, "ओरखडे दोन्ही बाजूंना आहेत ना? मग माझी स्कूटर मधून उडी मारते का?"

"लावताना तुम्ही बघत नाही, हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे," मुलगा म्हणाला.

दोघांचा वीस वर्षांचा शेजार. माझा नवरा आजारी पडला तेव्हा याच माणसाने त्याला खांद्यावर घालून खाली नेलं होतं. मी वीट मध्ये धरली. "त्यांना बोलू नकोस. विटा मी बांधल्या. गंजीला रंग नसतो, हे माझ्या लक्षात आलं नाही."

शेजारी म्हणाले, "वहिनी, पाखरं परवडली. त्यांचं पुसता तरी येतं."

"आधी त्यांची माफी माग," मी मुलाला म्हटलं. त्याने मागितली, पण माझ्याकडे बघून दात आवळून. दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही. मीही गेले नाही मागे. चूक सांगून झाली होती, आणखी काय सांगायचं?

आता विटांच्या जागी नाड्या लावल्यात. रोज संध्याकाळी तो गाडीखाली आडवा होऊन त्या बांधतो आणि शर्ट मळवून वर येतो. ओरखडे आहेत तिथेच आहेत. शिटलेली गोधडी दर आठवड्याला मी धुते. भिजली की ती मला एकटीला उचलत नाही, म्हणून पिळायला दुसरं टोक शेजारी धरतात, आणि पिळून होईपर्यंत त्यांची जीभ काही थांबत नाही.