पदराच्या गाठीतली चक्करची गोळी

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, टोळीत आम्ही नऊ जणी. वाकून वाकून कंबर धरली की एक जण आपलं दुखणं काढते, मग दुसरीला तिचं आठवते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, धानाच्या पेंढ्यांपेक्षा किस्सेच जास्त! यंदा सगळे चक्करचे. सुरुवात माझ्यापासून झाली, म्हणून मीच सांगते.

* * *

सकाळी उठता उठता मी चिऊकडे कूस वळवली. चिऊ म्हणजे माझी आठ महिन्यांची पोरगी. वळले, आणि घर फिरलं! आढं, भिंत, फोटो, सगळं गरगर. मी दोन्ही हातांनी जमीन धरली. जमिनीवर निजलेला माणूस पडून पडून पडेल कुठे? पण धरली. उलटी झाली. डोक्यात एकच, आत्ता ही माझ्या कडेवर असती तर?

सासूबाई मला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "तुम्ही फिरता, की घर फिरते?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "घर माह्या नवऱ्यानं बांधलं, साहेब. पक्कं आहे. हीच फिरली असन!"

डॉक्टर हसले. मला चालवून पाहिलं, हात-डोळे तपासले, बाळ अंगावर पिते का तेही विचारलं, मग गोळी दिली. "दोन तासांत मळमळ थांबेल, फिरणं कमी होईल. झोप येईल. तीन दिवसांच्या वर घ्यायची नाही."

घरी येऊन गोळी घेतली आणि दोन तास मी आढ्याकडेच पाहत होते. आणि बाप्पा, आढं खरंच जागेवर आलं! एवढीशी गोळी, पण मी तिच्या स्ट्रिपला हात जोडले.

* * *

आमच्या टोळीची मुख्य कुसुमकाकू. तिलाही बांधीत, चिखल केलेल्या खाचरात, गरगरलं. दवाखाना कोण करते! घरातली कोणाची तरी उरलेली गोळी कमरेच्या बटव्यात होती, तीच तोंडात टाकली आणि पळसाखाली जरा टेकली. उठली तेव्हा आम्ही आठ जणींनी अख्खी बांधी रोवून टाकली होती!

काकूनं डोळे चोळले. "वा वं! एका गोळीत एक बांधी!"

दुसऱ्या दिवशी तिघी जणी मला गोळी मागायला आल्या. मी दिली नाही. दुसऱ्याची गोळी खायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं.

* * *

खरं सांगू? एक गोळी माझ्याकडे उरली होती. स्ट्रिपचा तो तुकडा मी पदराच्या गाठीत बांधून फिरत होते. तीन दिवस झाले तरी कूस वळवली की थोडं फिरायचंच. मग मी चिऊला उभ्यानं घेणंच सोडलं. पाजायचं बसून, खेळवायचं बसून. तिनं दोन हात वर केले की मी खाली बसायची.

सासूबाई एकदाच बोलल्या, "पोट्टी उचलाले सांगते, अन् तू कायले बसतं वं?"

मी बसूनच चिऊला मांडीवर ओढलं.

* * *

गोळ्या वाढवून मागायला सासूबाईंना घेऊन परत गेले. डॉक्टर म्हणाले, "रोज गोळी घेतली तर डोकं तोल सांभाळायला शिकणार नाही. पोरीला सदा कडेवर ठेवलं तर ती चालेल का?"

त्यांना काय माहीत, मी तिला कडेवर घेतच नव्हते!

मग त्यांनी मला आडवं केलं आणि माझी मान हळूच एका बाजूला वळवली, थांबले, दुसऱ्या बाजूला वळवली. सासूबाई किंचाळल्या, "साहेब, मोडान ना! रोवणी बाकी आहे तिची!"

एकदा जोरात फिरलं, आणि थांबलं. आजपर्यंत परत आलं नाही. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण डोकं थांबलं तरी भीती थांबेना. गाठ पदराला तशीच, आणि चिऊ सासूबाईंच्या कडेवर.

* * *

रोवणीचा शेवटचा दिवस. शेवटची बांधी. सासूबाई चिऊला घेऊन धुऱ्यानं येत होत्या. येता येता थांबल्या, कपाळाला हात लावला आणि झुलायला लागल्या.

"अवं धर! धर पोरीले! घर फिरून राहिलं माह्यं!"

अर्ध्या कोसात एकही घर नव्हतं.

मी हातातली पेंढी फेकली आणि चिखलातून धावत सुटले. चिऊला ओढून कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं सासूबाईंचा दंड धरला. आठही जणी कंबर सरळ करून पाहत होत्या. चिऊनं माझं नाक पकडलं. मी उभी होते. धुरा जागेवर होता.

सासूबाईंना बसवलं. दातानं गाठ सोडली. "आई, ही घ्या. दोन तासांत बरं वाटते."

त्यांनी गोळी हातात घेतली. माझ्याकडे पाहिलं, कडेवरच्या चिऊकडे पाहिलं. मग जराही न झुलता वाकल्या आणि अंगठ्यानं, धान रोवतात तशी, ती बांधीतल्या चिखलात रोवून टाकली.

"चाला वं," त्या बाकीच्यांना म्हणाल्या, "झाली रोवणी."