बोळाच्या शेवटचं दार

घाम पुसताना रुमालाला कुंकू लागलं की मला अहमदपूरचा तो बोळ आठवतो. लग्न होऊन गावात नवीन आले होते; गाव ओळखीचं व्हावं म्हणून मोबाइलवर नकाशा लावून रोज सकाळी एकेक गल्ली पळून पुरी करत होते. पळून झालेली गल्ली नकाशात निळी व्हायची. बसस्टँडामागचा एक बोळ तेवढा राहिला होता. आत शिरले तर पुढं भिंत, ओल्या शेणाचा वास आणि शेवटच्या दारात सडा टाकणारी एक मावशी. “कुणाकडं आलीस, माय?” “कुणाकडंच नाही, गल्ली पुरी करायची होती,” मी धापा टाकत म्हणाले. ती हसली. “हितं रस्ताच संपतो. हितवर आलेलं माणूस माझ्याकडंच आलेलं असतंय.” दारात आलेल्या सवाशिणीला तसंच कसं पाठवायचं, म्हणून तिनं करंडा आणून माझ्या घामेजल्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. घरी पोचेपर्यंत ते नाकावर ओघळलं, तरी मी पुसलं नाही. आता त्या दाराला कुलूप आहे. परवा पळत तिथवर गेले, तर शेजारच्या घरातल्या नव्या सुनेनं विचारलं, “कुणाकडं?” मी कुलपाकडं बोट दाखवलं.