बिडाचा पंप आणि दोन जावई

धाकटे साडू सासऱ्यांच्या घरात पहिल्यांदा आले, तेव्हा थोरले जावई, म्हणजे आपले उस्ताद, चहात बिस्किट बुडवून बसले होते. ते बिस्किट मऊ होऊन कपात पडेपर्यंत या गृहस्थांनी स्वयंपाकघराच्या दाराची कुरकुर थांबवली, पंख्याची खडखड बंद केली, सासऱ्यांच्या कानातलं यंत्र असं काही झटकून परत बसवलं की त्यांना शेजारच्या घरातलं भांडणसुद्धा ऐकू येऊ लागलं, आणि सासूबाईंचा गुडघा तर म्हणे यांनी नुसतं "कसा आहे?" विचारल्याबरोबर दुखायचा थांबला. हे सगळं वर्णन उस्तादांच्या तोंडचं आहे, त्यामुळे त्यात मसाला असणारच. पण दाराचं मात्र खरं. ते दार "येत्या रविवारी करून देतो" असं उस्ताद स्वतःच्या लग्नापासून सांगत आले होते.

"कशाला उगाच तेल घातलंत?" उस्ताद म्हणाले. "त्या कुरकुरीवरून आत कोण गेलं ते कळायचं."

"चुकलंच दादा," साडू नम्रपणे म्हणाले. उस्तादांना पहिली ठिणगी लागली ती इथे. साडूंना राग आला असता तर निभावलं असतं, पण माणूस नम्र निघाला. नम्र माणसावर जळायचं म्हणजे स्वतःच्याच घशाशी येतं.

उस्तादांचं लेथचं दुकान होतं. दोन खाटा मावतील एवढी जागा, त्यात लेथ, ड्रिल आणि उस्ताद. पण नाव मोठं होतं, आणि ते एका कामासाठी होतं. लोखंडाच्या भोकात आटे पाडायचं जे हत्यार असतं, त्याला टॅप म्हणतात. तो इतका कडक असतो की वाकत नाही, सरळ मोडतो. आणि मोडतो तो भोकाच्या आत. त्याला ड्रिल लागत नाही, करवत पोचत नाही. असा मोडका टॅप घेऊन लोक रडवेल्या चेहऱ्याने उस्तादांकडे यायचे. उस्ताद बारीक छिन्नी, तेल आणि शिव्या असं तिन्ही थेंबाथेंबाने वापरून तो बाहेर काढायचे. रुसलेल्या जावयाची समजूत काढावी तसं हे काम, असं ते म्हणत, आणि रुसण्यातले ते जाणकार होते.

साडूंचं काम रेडिओ, मिक्सर, पंखे दुरुस्त करायचं. एके दिवशी उस्तादांची बायको फोन ठेवून हसत बाहेर आली.

"अहो, ऐकलंत का? भाऊजींनी यंत्र केलंय. मोडका टॅप ठिणग्यांनी जाळून काढतात म्हणे. हातोडी नाही, काही नाही."

"घर जाळतील एक दिवस," उस्ताद म्हणाले आणि जेवण अर्धं टाकून उठले. मग दोन दिवस दम धरला आणि तिसऱ्या दिवशी "सहज जाता जाता" म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या साडूंच्या घरी धडकले.

मागच्या खोलीत रंगाचा रिकामा डबा, त्यात रॉकेल, रॉकेलात बुडालेला जॉब, म्हणजे ज्यात टॅप मोडलाय तो लोखंडाचा तुकडा. वरून एक पितळेची बारीक कांडी त्या मोडक्या टॅपच्या माथ्यावर आलेली. एक तार कांडीला, एक जॉबला. मध्ये विजेला अधिक-उणे लावून देणारा डायोड, पंख्यातले जुने कंडेन्सर आणि एक मोठा बल्ब. कांडी आणि टॅप यांच्यात केसापेक्षा कमी फट राहिली की तड्‌तड् ठिणग्या उडायच्या, आणि प्रत्येक ठिणगी टॅपचा एक कण खायची.

"खरी गंमत फटीची आहे दादा," साडू सांगू लागले. "लांब गेली तर ठिणगीच नाही. चिकटली तर शॉर्ट, बल्ब ढणाढणा पेटतो. म्हणून ही मोटार लावलीय, जुन्या प्रिंटरची. व्होल्टेज पडलं की ती कांडी उचलते, चढलं की खाली सोडते."

कांडी खरोखरच दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी मान खालीवर करत होती. बल्ब मंद लुकलुकत होता. मेहुणी दारात उभी राहून नवऱ्याकडे अशी बघत होती, जशी उस्तादांकडे त्यांच्या बायकोने फक्त लग्नाच्या फोटोत बघितलं होतं.

"बरं आहे," उस्ताद म्हणाले. "पण कलकलाट फार करतं." आणि चहा न घेता निघाले.

नेमका त्याच आठवड्यात सासऱ्यांचा पाण्याचा पंप बिघडला. बिडाचं जुनं धूड, रिक्षात घालून ते उस्तादांच्या दुकानात आलं. एका भोकात नव्याने आटे पाडायचे होते, पोरखेळ. उस्तादांनी टॅप लावला, पण डोक्यात ती कोंबडी मान हलवत होती. हात जरा जास्त फिरला आणि कट्‌कन आवाज झाला. जगाचे मोडके टॅप काढणाऱ्या माणसाने सासऱ्याच्या पंपात स्वतः टॅप मोडला.

छिन्नीने काढून पाहिला. तो इतका खोल आणि इतका घट्ट, की छिन्नीचंच टोक उडालं. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन.

"जावईबापू, जमत नसेल तर धाकट्यांकडे द्या ना. त्यांच्याकडे यंत्र आहे."

"माझ्याकडेही आहे," उस्ताद म्हणाले. फोन ठेवल्यावर ते करायला बसले.

डायोड आणि कंडेन्सर भंगारातून आले, रॉकेल आलं, आणि डब्यासाठी बायकोची पिठाची परात गेली. मोटार मात्र लावायची नाही, हे ठरलं. मोटार म्हणजे साडू. उस्तादांनी बारीक आट्यांचा एक स्क्रू बसवला. तो फिरवला की कांडी केसाएवढी खाली सरकायची. कान आवाजावर, डोळा बल्बवर, बोटं स्क्रूवर. तड्‌तड् सुरू झाली. उस्तादांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी ऊन पडलं. कांडी खाली जात होती, म्हणजे टॅप संपत होता! त्यांनी तेलकट हातानेच सासऱ्यांना फोन लावला.

"निम्मा गेला! रविवारी येऊन बघा!"

मग कांडी वर घेतली, आणि बघतात तो टॅप जसाच्या तसा. उलट घासूनपुसून लख्ख झालेला, दागिन्यासारखा. झिजली होती ती कांडी, मेणबत्तीसारखी. दुसरी लावली, तीही गेली. तिसरी गेली. विचारायचं तर एकाच माणसाला, आणि त्याला विचारण्यापेक्षा उस्तादांनी परातीतलं रॉकेल प्यायलं असतं.

"मी ताई म्हणून सहज विचारते धाकटीला," बायको म्हणाली.

"खबरदार!"

रविवारी सासरे आले. सोबत साडू, पिशवीत उस्तादांसाठी पितळेच्या कांड्या घेऊन! म्हणजे बहिणीबहिणींचं बोलणं झालंच होतं. उस्तादांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"चालवा की," सासरे म्हणाले.

"आधी चहा," उस्ताद म्हणाले आणि सगळ्यांना मागे घरात घेऊन गेले. साडू मात्र "आलोच" म्हणून मागे राहिले. उस्तादांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. साडूंनी प्लग काढला, दोन्ही तारा सोडवल्या, कांडीची जॉबला आणि जॉबची कांडीला लावली, आणि रुमालाला हात पुसत चहाला येऊन बसले.

उस्तादांच्या लक्षात आलं. वेल्डिंग करताना जॉबला अर्थिंगची तार लावायची, म्हणजे उणे, ही जन्मभराची सवय. इथे जॉबला अधिक लागतं. हात सवयीने गेला आणि ठिणग्या उलट्या दिशेने जेवल्या.

चहानंतर उस्ताद स्क्रूशी बसले. आता आवाजच वेगळा होता, बारीक आणि भरीव. त्यांची बोटं अशी चालली की बल्ब एकदाही ढणाढणा पेटला नाही. टॅपचं पोट पोखरून निघालं, कडेचे तुकडे सुटले, आणि उस्तादांनी ते चिमट्याने एकेक करून सासऱ्यांच्या तळहातावर ठेवले.

"वा! मोटार नाही, काही नाही, नुसता हात!" सासरे म्हणाले.

"माझ्या मोटारीला इतकं साफ जमत नाही," साडू म्हणाले. "हे दादांनीच करावं."

इथे उस्तादांना राहवलं नाही. कौशल्यात पुढे, ठीक. यंत्रात पुढे, ठीक. आता चांगुलपणातही हाच पुढे जाणार?

"तारा यांनी बदलल्या!" ते जवळजवळ ओरडले. "मी उलट्या लावल्या होत्या. सांगत का नाही हो तुम्ही? मोठेपणा काय तुम्हालाच येतो?"

सासऱ्यांनी कानातलं यंत्र नीट केलं.

"म्हणजे धाकट्यांनीच काढला तर," ते म्हणाले.

"अहो नाही बाबा—" साडू.

"अर्धा!" उस्ताद. "अर्धा माझा!"

ते अर्धं सासऱ्यांनी कबूल केलं की नाही, हे आजतागायत कळलेलं नाही. पंप मात्र पुन्हा बसलाच नाही. सासूबाईंना बादल्या उचलायला लागत होत्या, म्हणून नवा पंप आधीच येऊन चालू झाला होता. जुना स्वयंपाकघरात आहे. साडूंनी तेल घातल्यापासून ते दार आपोआप मिटतं, त्याला अडकण म्हणून लावलाय.